कॅलिफोर्नियात घरच्या घरी पाळणाघर: लायसन्स कसं काढायचं, पहिल्यापासून

फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन होजे, डब्लिन या पट्ट्यात विश्वासाचं पाळणाघर शोधणारे आईवडील मला सतत भेटतात. "घरी मुलं सांभाळायला सुरुवात करू का?" असं विचारणाऱ्या मराठी बायकाही तितक्याच भेटतात. मी स्वतः लायसन्स काढून घरी पाळणाघर चालवते. फोनवर जे पुन्हा पुन्हा सांगते, ते इथे नीट लिहून ठेवते आहे. हे सगळं कॅलिफोर्नियाचं आहे. टेक्सास, न्यू जर्सी किंवा वॉशिंग्टनमध्ये राहत असाल तर तिथले नियम वेगळे, फक्त विचार करायची पद्धत इथून घ्या.

या सगळ्यात सुटी सुटी पाहिली तर एकही गोष्ट अवघड नाही. गोंधळ होतो तो क्रम चुकल्यामुळे. आधी पाट्या छापल्या, खेळणी आणली, मैत्रिणींच्या मुलांना 'हो' म्हणून टाकलं आणि मग कळलं की आपल्याला काम करायची परवानगीच नाही, असं होऊ नये म्हणून खालचा क्रम पाळा.

१. आधी व्हिसा, मग बाकी सगळं

लायसन्स देतं राज्य सरकार. काम करायची परवानगी देतं केंद्र सरकारचं इमिग्रेशन खातं. लायसन्स हातात पडलं म्हणजे ही दुसरी परवानगी आपोआप मिळाली असं मुळीच नाही. आपल्या लोकांत सगळ्यात मोठी गफलत इथेच होते.

नुसत्या एच-फोर व्हिसावर (एच-वन-बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) स्वतःचा धंदा करता येत नाही. पैसे घेऊन घरी मुलं सांभाळणं हे कामच आहे, मग ते पैसे चेकने येवोत, झेल अ‍ॅपने येवोत की पाकिटातून. जोडीदाराचा आय-१४० (नोकरीवरून ग्रीन कार्डासाठीचा अर्ज) मंजूर झाला असेल किंवा एच-वन-बी सहा वर्षांच्या पुढे वाढवलेला असेल, तर मे २०१५ पासून एच-फोरवरच्या नवऱ्याला किंवा बायकोला ईएडी कार्ड, म्हणजे काम करायच्या परवानगीचं कार्ड, मागता येतं. ते कार्ड असेल तर स्वतःचा धंदा चालतो. एल-वनवाल्यांच्या जोडीदारांना नोव्हेंबर २०२१ पासून वेगळं कार्ड काढावं लागत नाही, मात्र आय-९४ वर (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद) 'एल-टू-एस' असा शेरा आहे ना ते बघून घ्या. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्नच नाही.

ईएडीवर धंदा करणार असाल तर कार्डाची मुदत कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी १८० दिवसांपर्यंत करता येतो, तो त्या पहिल्या आठवड्यातच टाका. मधे खंड पडला तर पाळणाघर बंद ठेवावं लागतं, आणि सोमवारी सकाळी आठ वाजता ऑफिसला निघालेल्या आईला हे सांगणं फार जड जातं.

आणखी दोन गोष्टी. नवरा एच-वन-बीवर असेल तर तो तुमच्या पाळणाघरात मदतनीस म्हणून काम करू शकत नाही, आणि लायसन्सवर त्याचं नाव घालण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. भारतातून व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईला किंवा सासूबाईंना 'हाताखाली' धरू नका. पगार देत नाही म्हणून चालतं, ही समजूत धोक्याची आहे.

२. तुम्हाला लायसन्स लागतं का, आणि कुठलं?

स्वतःच्या मुलांबरोबर दुसऱ्या एकाच कुटुंबाची मुलं सांभाळत असाल तर लायसन्स लागत नाही. दुसरं कुटुंब आलं की लागतं. "ती तर माझी मैत्रीणच आहे" हे कारण कायदा मानत नाही.

घरगुती पाळणाघराचे दोन प्रकार आहेत, छोटं आणि मोठं. नवख्यांनी छोट्यापासूनच सुरुवात करावी, कारण मोठ्यासाठी साधारण वर्षभराचा अनुभव मागतात. छोट्यात एका वेळी किती मुलं, हे त्यांच्या वयावर ठरतं. सगळीच दोन वर्षांखालची असतील तर फक्त ४. मिश्र वयाची असतील तर ६, त्यात दोन वर्षांखालची ३ पर्यंत. काही अटी पाळून ८ पर्यंत जाता येतं: दोन वर्षांखालची दोनच, एक मूल किंडरगार्टन किंवा शाळेत जाणारं, आणखी एक किमान ६ वर्षांचं, आणि घर भाड्याचं असेल तर मालकाची संमती. मोठ्या पाळणाघरात मदतनीस ठेवून १२, आणि तशाच अटींवर १४.

या आकड्यात तुमची स्वतःची १० वर्षांखालची मुलंही धरली जातात. घरात तुमची दोन असतील तर पैसे देणारी चारच उरतात. जमाखर्चाचं गणित मांडताना हे विसरू नका.

कोणत्या वयाची मुलं घ्यायची याचाही आताच विचार करा. २०२५-२६ पासून कॅलिफोर्नियात चार वर्षांच्या सगळ्या मुलांना सरकारी शाळेत ट्रान्झिशनल किंडरगार्टन (किंडरगार्टनच्या आधीचा वर्ग) मोफत आहे. त्यामुळे चार वर्षांची मुलं हळूहळू तिकडे जाणार. मागणी राहते ती दोन वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांना आणि दुपारी शाळा सुटल्यावर येणाऱ्यांना. माझं मत विचाराल तर एक-दोन तान्ही आणि बाकी दीड ते तीन वर्षांची, ही जोडणी एकट्या बाईला झेपते. चार तान्ही एकटीने सांभाळणं कागदावर बसतं, अंगाला बसत नाही.

३. फुकट मिळणारी मदत आधी घ्या

प्रत्येक काउंटीत सरकारी पैशावर चालणारी रिसोर्स अँड रेफरल संस्था असते. ओकलंडची 'बनानाज' १९७३ पासून हे काम करते आहे, प्लेझंटनमध्ये 'हाइव्हली' आहे. या संस्था नव्या पाळणाघरवाल्यांना अर्ज भरायला मदत करतात, प्रशिक्षणाचे वर्ग घेतात, बऱ्याच ठिकाणी वर्गाची फी परत मिळवून देतात, आणि लायसन्स मिळाल्यावर पालकांना तुमचं नाव सुचवतात. "एवढे पैसे द्या, आठवड्यात लायसन्स काढून देतो" म्हणणारे सल्लागार समाजमाध्यमांवर भेटतील. त्यांना पैसे देण्याआधी आपल्या काउंटीच्या संस्थेला एक फोन करा. इंग्रजी अडखळत बोलत असाल तरी बिनधास्त करा. तिथल्या बायका दिवसभर जगभरातून आलेल्या आयांशीच बोलत असतात.

४. ओरिएंटेशन आणि अर्ज

लायसन्स देणाऱ्या विभागाचं नाव कम्युनिटी केअर लायसन्सिंग. त्यांचं ओरिएंटेशन, म्हणजे सुरुवातीचं माहितीसत्र, ऑनलाइन असतं आणि ते केल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. त्यात सांगितलेलं वहीत उतरवून घ्या, पुढे तपासणीत तेच विचारतात.

छोट्या पाळणाघराची अर्जाची फी ७३ डॉलर, आणि दरवर्षीची फीही तितकीच. अर्जाबरोबर हे तयार ठेवा:

- मुख्य अर्ज, फॉर्म एलआयसी २७९ ('एलआयसी' ही या विभागाच्या फॉर्मची खूण, विम्याशी संबंध नाही)
- घराचा हाताने काढलेला नकाशा, एलआयसी ९९९ए. मुलं वापरणार त्या खोल्या आणि मुलांना बंद असलेल्या खोल्या वेगळ्या दाखवा. अंगणही दाखवा.
- आपत्कालीन योजना, एलआयसी ६१०ए
- ओरिएंटेशन, फर्स्ट एड आणि आरोग्य प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं
- मोठ्या माणसांचे बोटांचे ठसे आणि टीबी तपासणीचे कागद
- लसीकरणाचा पुरावा
- घर भाड्याचं असल्यास मालकाला दिलेल्या नोटिशीची प्रत

प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवा आणि अर्ज पाठवल्याची तारीख लिहा. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे घाला. लग्नाआधीचं आडनाव एका कागदावर, लग्नानंतरचं दुसऱ्यावर, मधलं नाव कधी वडिलांचं तर कधी नवऱ्याचं, यात आपल्या बायकांचे अर्ज हमखास अडकतात.

५. घरातली मोठी माणसं

घरात राहणाऱ्या १८ वर्षांवरच्या प्रत्येकाचे बोटांचे ठसे द्यावे लागतात. याला लाइव्ह स्कॅन म्हणतात. नवरा, दीर, कॉलेजातला मुलगा, भाड्याने खोली घेतलेला विद्यार्थी, सगळे आले. ठसे राज्याच्या न्याय खात्याकडे आणि एफबीआयकडे तपासले जातात. आईवडील सहा महिने राहायला येणार असतील तर ते विमानात बसण्याआधीच तुमच्या लायसन्सिंग अधिकाऱ्याला ईमेल करून काय करायचं ते विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

टीबीच्या तपासणीत आपल्याकडच्यांना एक अडचण येते. लहानपणी दंडावर बीसीजीची लस घेतलेली असते, त्यामुळे त्वचेवरची चाचणी टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, पुन्हा डॉक्टर, आठवडे जातात. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत बीसीजीचं सांगा आणि रक्ताची चाचणी मागा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

गोवर आणि डांग्या खोकला यांच्या लसीचा पुरावा तुम्हाला स्वतःला लागतो. भारतातलं लहानपणीचं कार्ड सापडत नसेल तर गोवराची प्रतिकारशक्ती रक्ततपासणीत कळते, आणि डांग्या खोकल्यासाठी टीडॅपचा डोस नव्याने घेता येतो. फ्लूची लस नको असेल तर तसं लेखी द्यावं लागतं.

६. प्रशिक्षण

एकूण १६ तास: लहान मुलांचं फर्स्ट एड, सीपीआर, आणि आजार-अपघात टाळण्याचे आरोग्य वर्ग, ज्यात पोषण आणि शिशाच्या विषबाधेचाही भाग असतो. प्रमाणपत्रावर राज्याच्या ईएमएसए या संस्थेची मान्यता आहे ना ते बघून घ्या. स्वस्तात मिळणारे, फक्त व्हिडिओ पाहून संपणारे सीपीआर कोर्स इथे चालत नाहीत, बाहुलीवर प्रत्यक्ष हात चालवून दाखवावा लागतो. फर्स्ट एड आणि सीपीआर दर दोन वर्षांनी पुन्हा.

मुलावर अत्याचाराचा संशय आला तर कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, त्याचं वेगळं ऑनलाइन प्रशिक्षण मोफत आहे आणि तेही दर दोन वर्षांनी करायचं. ते मन लावून करा. ओळखीच्या घरातला प्रकार असला की "त्यांच्या घरचं ते बघतील" असं म्हणायची आपल्याला सवय असते. पाळणाघर चालवणाऱ्या बाईला ती मुभा नाही.

७. भाड्याचं घर असेल तर

"अपार्टमेंटमध्ये राहतो, म्हणजे आपल्याला जमणारच नाही" असं समजून कितीतरी जणी इथेच थांबतात. जमतं. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या एसबी २३४ या कायद्याने घरगुती पाळणाघर, छोटं असो की मोठं, हा घराचा राहण्यासाठीचाच वापर मानला जातो. लायसन्सवालं पाळणाघर आहे एवढ्याच कारणावरून घरमालक मनाई करू शकत नाही, सोसायटीच्या नियमावलीतली बंदीही टिकत नाही, आणि शहर त्यासाठी बिझनेस लायसन्सची फी मागू शकत नाही.

तुमची बाजूही आहे. सुरू करण्याआधी ३० दिवस मालकाला लेखी कळवायचं. छोट्यात सहाच्या वर मुलं घ्यायची असतील तर त्याची लेखी संमती. तो कायद्याच्या मर्यादेत डिपॉझिट वाढवून मागू शकतो. पत्र पाठवण्याआधी एकदा प्रत्यक्ष बोला, मुलं किती वाजता येतील, गाड्या कुठे थांबतील ते सांगा. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनाही सांगा. कायदा आपल्या बाजूने असला तरी दुपारी एक ते तीन कुणाचा राग ओढवून घेऊ नये.

८. घर तयार करणं

आपलं घर मुलाच्या उंचीवरून बघायचं असेल तर खरोखर जमिनीवर बसा आणि रांगत सगळ्या खोल्या फिरा. तपासणीला येणारे अधिकारीही सिंकखालचं कपाट आधी उघडतात.

ठरलेल्या गोष्टी अशा: चालू स्थितीतला स्मोक डिटेक्टर, कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर, 'टू ए टेन बी सी' असं लेबल असलेलं अग्निशामक, चालू फोन. पाच वर्षांखालची मुलं असतील तर जिन्याला फाटक. फायरप्लेसला जाळी. पोहण्याचा तलाव असेल तर किमान पाच फुटांचं कुंपण आणि आपोआप बंद होणारं दार. औषधं, साबण, ब्लीच, फिनेल कुलपात. बंदूक असेल तर तीही कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात. बेबी वॉकर घरात नको, पाळणाघरात त्याला बंदी आहे. सिगारेटलाही.

आता आपल्या घरातल्या त्या गोष्टी, ज्या कुठल्याच छापील यादीत नसतात. विळी. ती ओट्याखाली आडवी ठेवायची सवय असते, तिला वरच्या कपाटात कुलूप हवं. देवघर जमिनीलगत असेल तर समई, निरांजन, काडेपेटी, उदबत्ती, कापूर मुलांच्या हाताबाहेर, किंवा ती खोलीच बंद म्हणून नकाशात दाखवा. कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्या मुलांना पेपरमिंट वाटतात, त्या काढूनच टाका. आजीच्या बीपीच्या गोळ्यांचा डबा उशीजवळ नको. सेफ्टी पिना, टिकल्या, सुट्टी नाणी, शेंगदाणे, चिंचोके जमिनीवर राहता कामा नयेत. काही कुंकवांत, सिंदूरात आणि काजळात शिसं सापडलेलं आहे, म्हणून ते मुलांना लावू नका, कुणाच्या आईने प्रेमाने दिलं तरीही.

९. तान्ह्यांची झोप

या एका विषयात आपली घरची रीत आणि इथला नियम समोरासमोर येतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. बाळ पाठीवरच झोपवायचं. रिकाम्या क्रिबमध्ये किंवा प्ले यार्डमध्ये, घट्ट बसणाऱ्या चादरीवर. झोळी नाही, दुपट्यात बांधणं नाही, मोहरीची उशी नाही, गोधडी नाही, शेजारी मऊ बाहुली नाही. दर १५ मिनिटांनी जाऊन बघायचं आणि तशी नोंद करायची. १२ महिन्यांपर्यंतच्या प्रत्येक बाळासाठी झोपेची योजना, एलआयसी ९२२७, पालकांनी भरून द्यायची.

आजी येऊन म्हणतील, "डोकं गोल कसं होणार उशीशिवाय?" त्यांच्याशी वाद घालू नका. अचानक बाळ दगावण्याचा धोका पाठीवर आणि मोकळ्या गादीवर झोपवल्याने कमी होतो, एवढं शांतपणे सांगा आणि नियमाचा कागद हातात द्या. गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत झोपताना काढून ठेवायला पालकांची संमती पहिल्याच दिवशी घ्या.

१०. तपासणी आणि पुढे

अर्ज पूर्ण झाला की अधिकारी घर बघायला येतात. काही त्रुटी निघाली तर लिहून देतात, दुरुस्त केली की काम पुढे सरकतं. घाबरू नका, चहाचा आग्रहही नको. फाइल टेबलावर तयार ठेवा.

लायसन्स मिळाल्यावर मात्र अधिकारी न सांगता येतात. गंभीर दोष सापडला तर तो 'टाइप ए', त्याची प्रत सगळ्या पालकांना द्यावी लागते, आणि अहवाल विभागाच्या वेबसाइटवर कुणालाही वाचता येतो. लायसन्सधारकाने कामाच्या किमान ८० टक्के वेळ स्वतः घरात हजर असायला हवं. "मी जरा मुलाला शाळेतून घेऊन येते" म्हणून मुलं शेजारणीवर सोपवून जाणं चालत नाही. आग-भूकंपाचा सराव दर सहा महिन्यांनी, तारखेसह लिहून. मुलांच्या नावांची यादी, त्यांचं लसीकरण, आणीबाणीचे फोन, उपचाराची संमती, सगळं एका फाइलमध्ये.

मुलाला मारणं, धपाटा घालणं, चिमटा काढणं पूर्ण बंद. बागुलबुवाची भीती, "जेवला नाहीस तर झोपायला देणार नाही", खाऊ काढून घेणं, हेही त्यातच आलं. पालकांनी "दोन द्या ठेवून, आमची हरकत नाही" म्हटलं तरी नाही.

११. करार, विमा, जेवण

आपल्या माणसांशी पैशांचं बोलताना जीभ अडखळते, म्हणूनच लेखी करार करा. वेळ, उशिरा नेल्यास दर तासाला किती, मूल आजारी असेल तेव्हा काय, तुमच्या सुट्ट्या, भारतात गेल्यावर जागा राखायचे पैसे. दिवाळी आणि गणपतीची सुट्टी वर्षाच्या सुरुवातीलाच कळवा.

विमा किमान एका घटनेला १ लाख आणि वर्षाला ३ लाख डॉलरचा घ्या. विम्याऐवजी पालकांकडून 'विमा नाही हे आम्हाला माहीत आहे' अशी सही घेण्याची सोय कायद्यात आहे, पण मी ती सुचवणार नाही. एका पडलेल्या दातावरून घर पणाला लागू शकतं. नेहमीची घराची पॉलिसी या धंद्याला पुरत नाही, ते विमा कंपनीला विचारून घ्या.

जेवणासाठी केंद्र सरकारची सीएसीएफपी योजना आहे. दिवसाला प्रत्येक मुलामागे जास्तीत जास्त दोन जेवणं आणि एक खाऊ यांचे पैसे परत मिळतात. आपलं जेवण तिच्यात छान बसतं: वरण, मुगाची खिचडी, उसळ हे प्रथिन म्हणून, गव्हाची पोळी संपूर्ण धान्य म्हणून, दही चालतं. एक वर्षाच्या मुलाला साय असलेलं दूध, दोन वर्षांनंतर मात्र एक टक्का किंवा फॅट नसलेलं. रोजचा मेनू आणि हजेरी त्याच दिवशी लिहा.

१२. कर आणि घरबदल

पालकांकडून रोख घ्या किंवा चेक, सगळं उत्पन्न शेड्यूल सी या धंद्याच्या करफॉर्मवर दाखवायचं. साधारण १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स वेगळा लागतो आणि तो दर तिमाहीला भरायचा, तेव्हा आलेल्या पैशांतला वाटा बाजूला काढत जा. पालक त्यांच्या करासाठी तुमचा टॅक्स नंबर मागतात. सोशल सिक्युरिटी नंबर देण्यापेक्षा मोफत मिळणारा ईआयएन, म्हणजे धंद्याचा टॅक्स नंबर, काढा.

पाळणाघराला घराच्या खर्चात एक खास सवलत आहे: खोली फक्त धंद्यासाठीच राखीव असायची गरज नाही. जागा आणि वेळ यांचा गुणाकार करायचा. १५०० चौरस फुटांच्या घरात ९०० फूट मुलं वापरतात, म्हणजे ६० टक्के. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी मुलं असतानाचे आणि साफसफाई-तयारीचे मिळून ३,२५० तास, म्हणजे ३७ टक्के. दोन्हींचा गुणाकार सुमारे २२ टक्के. वर्षाचं भाडं ३६,००० डॉलर असेल तर त्यातले जवळजवळ ८,००० डॉलर खर्चात धरता येतात. वीज, पाणी, इंटरनेटही त्याच प्रमाणात. पण त्यासाठी मुलं गेल्यावर खेळणी धुतलेला तासही वहीत लिहिलेला हवा.

शेवटची गोष्ट घर बदलण्याची. लायसन्स तुमच्या नावावर आणि त्याच पत्त्यावर असतं, ते सोबत नेता येत नाही आणि कुणाला विकताही येत नाही. लीज संपत आली असेल, घर घ्यायचा विचार असेल, तर नव्या पत्त्यासाठी अर्ज बराच आधी टाका आणि जुन्या घराची चावी परत देण्याची तारीख त्या हिशेबाने ठरवा.